तक्रारीचा दरवाजा : सरकारी पैशावरचा खेळ, सचोटी आणि खेळाडूचे हित

मुरबाड किंवा शहापूरकडच्या आश्रमशाळेतली एखादी मुलगी चारचौघींपेक्षा वेगळी पळते, हे पहिल्यांदा तिच्या सरांच्या लक्षात येते. पावसाळा सरता सरता स्पर्धा सुरू होतात. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी शालेय स्पर्धांची चढण असते. आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळांच्या स्पर्धाही प्रकल्प पातळीपासून राज्यापर्यंत जातात, आणि त्या विभागाचे प्रकल्प कार्यालय शहापूरलाच आहे. मुरबाडला रेल्वे नाही, म्हणून जिल्ह्याच्या स्पर्धेला ठाण्यात पोहोचायचे तर कल्याणपर्यंत एसटी आणि पुढे लोकल. राज्यात चमकली तर क्रीडा प्रबोधिनी, मग भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र, आणखी पुढे राष्ट्रीय शिबिर. या वाटेवर तिला मिळणारे जेवण, बूट, खाट, प्रवासभाडे, भत्ता आणि शेवटी मिळालीच तर नोकरी, हे बहुतेक सगळे सरकारी तिजोरीतून येते.

त्या पैशाच्या बदल्यात समाज दोन गोष्टी मागतो. जिंकणे खरे असावे, ही जुनी मागणी. जिंकवण्याच्या नादात ते मूल मोडू नये, ही दुसरी, अलीकडे मोठ्याने होऊ लागलेली. पहिलीला सचोटी म्हणू, दुसरीला खेळाडूचे हित. सरकारी कागदांत या दोन वेगळ्या फायली आहेत. उत्तेजके, वयचोरी, खोटे दाखले, ठरवून लावलेले निकाल एका फायलीत. लैंगिक छळ, दुखापत, आहार, सुटलेले शिक्षण दुसरीत. गेल्या दहा-पंधरा वर्षांतली प्रकरणे शेजारी ठेवून वाचली, तर दोन्ही फायली एकाच माणसांच्या टेबलावर येऊन थांबलेल्या दिसतात. जो निवडतो, जो शिकवतो, ज्याच्या सहीने प्रमाणपत्र मिळते, तक्रारही त्याच्याच हाती द्यावी लागते. चर्चेचा आढावा घेताना मी हा धागा हातात धरून चाललो आहे.

पैसा कुठून आला

स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणारे खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे. 1948 च्या लंडन ऑलिंपिकला त्यांना कोल्हापूरच्या महाराजांनी मदत केली. 1952 ला हेलसिंकीला जाण्यासाठी गावाने वर्गणी काढली आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून 7000 रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. या हकिगतीत सरकार जवळजवळ नाहीच, आणि म्हणून खेळाडू सरकारचे काही देणे लागत नव्हता, सरकारही खेळाडूचे.

पुढे चित्र हळूहळू पालटले. 1954 मध्ये अखिल भारतीय क्रीडा परिषद, 1961 मध्ये पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था, 1982 च्या दिल्ली आशियाई स्पर्धांनंतर 1984 मध्ये भारतीय क्रीडा प्राधिकरण. महाराष्ट्रात 1994 च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी बालेवाडीचे संकुल उभे राहिले आणि त्या दशकात क्रीडा प्रबोधिनीची योजना आली: शारीरिक क्षमतेच्या चाचण्या घेऊन मुले लहान वयात निवडायची, निवासी ठेवायची, शिक्षण आणि प्रशिक्षण दोन्ही सरकारने करायचे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे 2009 मध्ये या योजनेत दाखल झाला. 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिसमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात त्याने कांस्यपदक मिळवले. खाशाबांनंतर 72 वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळाले, तेही सरकारी वसतिगृहात वाढलेल्या मुलाला. प्रबोधिनीच्या बाजूने याहून मोठा पुरावा नाही.

केंद्रानेही 2014 पासून ऑलिंपिक पदकाच्या आशास्थानांसाठी ‘टॉप्स’ आणि पुढे ‘खेलो इंडिया’ आणली. टॉप्समधल्या मुख्य गटाच्या खेळाडूला महिन्याला 50,000 रुपये आणि खेलो इंडियाच्या मुलाला 10,000 रुपये हातखर्चासाठी मिळतात. वीटभट्टीवर मजुरी करणाऱ्या घरात महिना 10,000 ही रक्कम घर चालवणारी असते. त्यामुळे पंधरा वर्षांचे मूल कुटुंबाचे मुख्य कमावते माणूस होऊ शकते, आणि ते मूल तक्रार करण्याआधी दहादा विचार करते.

पदक आधी की मूल आधी

सरकारी पैसा कशासाठी, यावर जगात दोन ठाम भूमिका आहेत, आणि दोन्हींच्या मागे अनुभव आहे.

पहिली भूमिका सांगते की पैसा मर्यादित आहे, तो पदकाची शक्यता असेल तिथेच ओतावा. ब्रिटनला 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये एकच सुवर्ण मिळाले होते. त्यानंतर लॉटरीचा पैसा ‘यूके स्पोर्ट’ या संस्थेमार्फत खेळांना मिळू लागला, आणि पदक न आणणाऱ्या खेळाचा निधी निर्दयपणे कापला जाऊ लागला. लंडन 2012 मध्ये 29 सुवर्णे, रिओ 2016 मध्ये 27. आकडे बोलके होते. मग दुसरी बाजू उघडी पडली. 2017 मध्ये टॅनी ग्रे-थॉम्प्सन यांच्या अहवालाने खेळाडूंच्या काळजीचे कर्तव्य हा विषय सरकारसमोर ठेवला आणि स्वतंत्र क्रीडा लोकपालाची शिफारस केली. 2022 मध्ये जिम्नॅस्टिक्सवरचा व्हाइट अहवाल आला. लहान मुलींवर होणारा शारीरिक आणि मानसिक छळ हा एखाददुसऱ्या प्रशिक्षकाचा नव्हता, तो व्यवस्थेतच मुरला होता, असे त्यात निघाले.

दुसरी भूमिका नॉर्वेची. तिथे 1987 पासून मुलांच्या खेळातल्या हक्कांचे नियम आहेत. 13 वर्षांखालच्या मुलांसाठी राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा घेतल्या जात नाहीत. हाच देश 2022 च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये 16 सुवर्णांसह पहिला होता. या भूमिकेवर आक्षेप असा की नॉर्वे श्रीमंत आहे, तिथल्या मुलाला खेळातून गरिबी सोडवायची नसते. आक्षेपात तथ्य आहे. आमच्याकडच्या धसई किंवा डोळखांबच्या पालकाला ‘मूल तेरा वर्षांचे होईपर्यंत थांबा’ म्हणणे सोपे नाही, कारण तोवर ते मूल शाळेत राहील याचीच खात्री नसते. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर निघतात आणि मुलेही त्यांच्यासोबत जातात. अशा मुलाला क्रीडा वसतिगृहातली खाट मिळाली तर ती संधी आणि संरक्षण दोन्ही असते.

महाराष्ट्रात हा वाद पैशाच्या भाषेत जास्त रंगतो. 2024 मध्ये राज्याने बक्षिसांची नवी रचना जाहीर केली: ऑलिंपिक सुवर्णाला 5 कोटी, रौप्याला 3, कांस्याला 2. कुसाळेच्या वडिलांनी हरियाणाशी तुलना करून जाहीर नाराजी व्यक्त केली. त्याच सुमारास कविता राऊतने वर्षानुवर्षे रखडलेल्या सरकारी नोकरीचा प्रश्न पुन्हा मांडला. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरमध्ये कांस्य मिळवून ट्रॅकवर वैयक्तिक राष्ट्रकुल पदक जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरली. त्याच वर्षी ग्वांगजोच्या आशियाई स्पर्धेत तिने 10,000 मीटरचे रौप्य आणि 5000 मीटरचे कांस्य आणले. आदिवासी असल्यामुळे आपल्याला डावलले गेले का, हा तिचा प्रश्न होता. बक्षीस किती असावे यावर दुमत होऊ शकते. पण दिलेला शब्द कधी पाळायचा आणि नाही पाळला तर कुणी उत्तर द्यायचे, हा हिताचा प्रश्न तितकाच सचोटीचाही आहे, आणि त्यावर चर्चा फार थोडी झाली.

एक ताळा मात्र वाचकाने जरूर घालून पाहावा. 2022 मध्ये राज्याने तालुका क्रीडा संकुलाच्या अनुदानाची मर्यादा 1 कोटीवरून 5 कोटी केली. म्हणजे एका ऑलिंपिक सुवर्णाचे बक्षीस आणि एका संपूर्ण तालुक्याच्या मैदानाचा खर्च सरकारच्या लेखी आज सारखा आहे. मला दोन्ही खर्च योग्य वाटतात. फक्त बक्षीस जाहीर होते त्या दिवशी बातमी होते, आणि तालुक्याच्या मैदानाची देखभाल कुणाकडे, तिथे मुलींसाठी स्वच्छतागृह आहे का, प्रशिक्षक आहे का, हे विचारायला कुणी येत नाही.

एक जूनची मुले

वयचोरी हा भारतीय खेळातला सर्वांत जुना रोग मानला जातो. 14 वर्षांखालच्या गटात 17 वर्षांचा मुलगा उतरला की खऱ्या चौदा वर्षांच्या मुलाची जागा जाते, सवलतीचे गुण जातात, शिष्यवृत्ती जाते. केंद्र सरकारने 2010 मध्ये वयचोरीविरोधी राष्ट्रीय संहिता आणली आणि 2025 मध्ये तिच्या सुधारणेचे काम हाती घेतले. कठोर भूमिकेची माणसे म्हणतात की कागद खोटे असू शकतात, हाड खोटे बोलत नाही, म्हणून मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचे वय ठरवावे.

आमच्या मुरबाड-शहापूर भागात हा प्रश्न इतका सरळ नाही. आदिवासी पाड्यांवर अनेक जन्म घरी झाले आणि त्यांची नोंद झाली नाही. मूल शाळेत आले की गुरुजी अंदाजाने वर्ष धरायचे आणि तारीख लिहायचे 1 जून. ग्रामीण महाराष्ट्रातल्या कुठल्याही जुन्या हजेरीपटात एक जूनचे वाढदिवस मोजून पाहा. या मुलांचे कागदावरचे वय चुकीचे आहे, पण त्यात कुणाची लबाडी नाही. हाडांच्या चाचणीचीही मर्यादा आहे. ती हाडांची परिपक्वता सांगते, जन्मतारीख नाही, आणि तिच्यात वर्षभराचा फरक सहज पडू शकतो. त्यातही कुपोषित मुलांची हाडे उशिरा पक्व होतात, त्यामुळे पोटभर न जेवलेले मूल एक्स-रेत लहान दिसते आणि चांगले पोसलेले मूल मोठे. चाचणीवर पूर्ण भिस्त ठेवली तर खऱ्या वयाच्या धडधाकट मुलावर अन्याय होण्याचा धोका राहतो, आणि चाचणी टाळली तर खोट्या दाखल्यांना मोकळे रान मिळते. जन्मनोंदणी आता पुष्कळ सुधारली आहे, त्यामुळे येत्या काही वर्षांत गाठ थोडी सैल होईल. तोवर चुकीची नोंद स्वतःहून दुरुस्त करणाऱ्या कुटुंबाला शिक्षा न करता संधी द्यावी, हा मार्ग मला न्याय्य वाटतो.

दाखल्यांचा दुसरा बाजार जास्त गंभीर आहे. राज्यात 2005 पासून शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. 2016 मध्ये नियम सुधारले आणि प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय उपसंचालकांकडे आली. त्यानंतरही ट्रॅम्पोलिनसारख्या खेळांतली बनावट प्रमाणपत्रे उघड झाली, नोकरीला लागलेल्यांवर गुन्हे दाखल झाले आणि क्रीडा खात्यातल्या माणसांपर्यंत तपास गेला. मुरबाडच्या रस्त्यांवर पहाटे पोलीस भरतीसाठी धावणाऱ्या मुला-मुलींना या बातम्यांचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागत नाही. इथे सचोटी बुडाली की खऱ्या खेळाडूची पगाराची जागा थेट हातची जाते.

निकालांच्या बाबतीतही तेच. फेब्रुवारी 2025 मध्ये उत्तराखंडच्या राष्ट्रीय स्पर्धेत तायक्वांदोच्या स्पर्धा संचालकाला बदलावे लागले, कारण 16 पैकी 10 वजनगटांचे निकाल आधीच ठरल्याचा आणि सुवर्णासाठी 3 लाख, रौप्यासाठी 2 लाख, कांस्यासाठी 1 लाख मागितल्याचा आरोप होता. महाराष्ट्रात कुस्तीने हा प्रश्न वेगळ्या रूपात पाहिला. संघटनेतल्या फुटीमुळे नोव्हेंबर 2023 मध्ये महाराष्ट्र केसरी दोनदा झाली, धाराशिवला एक आणि पुण्याजवळ फुलगावला दुसरी, आणि एका वर्षाचे दोन महाराष्ट्र केसरी झाले. फेब्रुवारी 2025 मध्ये अहिल्यानगरला पंचांच्या निर्णयावरून शिवराज राक्षे याने पंचांना लाथ मारली. त्याच्यावर आणि दुसरा मल्ल महेंद्र गायकवाड याच्यावर तीन वर्षांची बंदी आली. लाथेचे समर्थन कुणीच करत नाही. पण मल्लाला निर्णयावर दाद मागण्याची, व्हिडिओ पाहून तटस्थ माणसाने निकाल देण्याची विश्वासार्ह सोय आखाड्यातच असती तर गोष्ट तिथवर गेली असती का, हा प्रश्न कुस्तीतली जाणती माणसे विचारतात.

उत्तेजके : दोष कुणाचा

जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या 2023 च्या आकडेवारीत भारतातले 5606 नमुने तपासले गेले आणि 213 सदोष निघाले, म्हणजे 3.8 टक्के. 2024 मध्ये 7113 पैकी 260, म्हणजे 3.6 टक्के. मोठ्या प्रमाणावर चाचण्या करणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वाधिक आहे. ‘नाडा’ ही राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था आणि क्रीडा मंत्रालय म्हणतात की चाचण्या वाढल्या म्हणून चोर सापडतात. टीकाकार दिल्लीच्या सप्टेंबर 2023 मधल्या राज्य मैदानी स्पर्धेकडे बोट दाखवतात: नमुने घेणारे पथक आल्याचे कळताच धावपटू पळून गेले आणि 100 मीटरच्या अंतिम शर्यतीत एकच धावपटू उभा राहिला.

उत्तेजकांचा नियम कडक उत्तरदायित्वाचा आहे. शरीरात द्रव्य सापडले की जबाबदार खेळाडू, ते कसे आले हे सिद्ध करण्याचे ओझेही त्याच्यावर. या नियमाचे समर्थक म्हणतात की असे नसेल तर प्रत्येकजण ‘मला माहीत नव्हते’ म्हणून सुटेल. हा युक्तिवाद सहज खोडता येत नाही. दुसरी बाजू सांगते की गावाकडच्या सोळा वर्षांच्या मुलीला सर जी गोळी देतात ती ती घेते. पुड्यावरचे घटक वाचण्याइतकी माहिती तिला कुणी दिलेली नसते. आणि शिक्षा झाली की बंदी तिला बसते, सर दुसऱ्या मुलीला शिकवू लागतात. भारताच्या 2022 च्या उत्तेजकविरोधी कायद्याने नाडाला कायद्याचा आधार दिला. अपील मंडळाच्या स्वायत्ततेवर जागतिक संस्थेने आक्षेप घेतल्यावर 2025 मध्ये त्यात दुरुस्ती झाली. मदतनीस माणसांवर कारवाईची तरतूद नियमांत आहे. प्रत्यक्षात नावे छापून येतात ती खेळाडूंचीच.

महाराष्ट्राला या वादाची धग 2016 मध्ये लागली. कांदिवलीच्या क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रात घडलेला, महाराष्ट्र पोलीस दलात उपअधीक्षक असलेला मल्ल नरसिंग यादव रिओला निघायच्या आधी मेथॅन्डिएनोनसाठी दोषी आढळला. सोनिपतच्या सरकारी केंद्रात आपल्या खाण्यापिण्यात कुणीतरी ते मिसळले, असे त्याचे म्हणणे होते. 1 ऑगस्टला नाडाच्या समितीने ते मान्य करून त्याला निर्दोष ठरवले. जागतिक संस्था आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादात गेली आणि 18 ऑगस्टला, त्याच्या कुस्तीच्या आदल्या दिवशी, लवादाने घातपाताचा दावा अमान्य करून चार वर्षांची बंदी घातली. त्याने सांगितले ते खरे होते की नाही यावर आजही दोन तट आहेत. वादापलीकडची गोष्ट अशी की सरकारी केंद्राच्या स्वयंपाकघरात कोण येते-जाते याची विश्वासार्ह नोंद असती, तर खरा दावा सिद्ध झाला असता आणि खोटा तिथेच पडला असता. म्हणजे हिताची साधी व्यवस्था सचोटीचा पुरावाही ठरली असती.

आणखी एक अडचण दुर्गम भागातल्या खेळाडूंची आहे, आणि मुंबई-पुण्यातल्या चर्चेत ती सहसा येत नाही. नोंदणीकृत चाचणी गटातल्या खेळाडूने दर तिमाहीला आपला ठावठिकाणा आधी कळवायचा, रोजचा एक तास ठरवून द्यायचा, आणि बारा महिन्यांत तीनदा चूक झाली तर बंदी येऊ शकते. सुट्टीत माळशेजच्या पायथ्याच्या किंवा कसाऱ्याच्या डोंगरातल्या पाड्यावर गेलेल्या मुलीच्या मोबाईलला रेंज नसते. नियम सगळ्यांना सारखा असणे योग्य. मग तो पाळता यावा यासाठी लागणारा मदतीचा माणूसही सगळ्यांना मिळायला हवा.

वसतिगृहाच्या आत

जानेवारी 2023 मध्ये देशातल्या नामवंत महिला मल्लांनी कुस्ती महासंघाचे तत्कालीन अध्यक्ष ब्रिजभूषण शरण सिंह यांच्यावर लैंगिक छळाचे आरोप केले, तेव्हा या विषयावरचे मौन तुटले. एप्रिलमध्ये त्या पुन्हा जंतरमंतरवर बसल्या आणि 28 मे रोजी पोलिसांनी त्यांना उचलून नेले. मे 2024 मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने ब्रिजभूषण शरण सिंह यांच्यावर आरोप निश्चित केले. अल्पवयीन मल्लाशी संबंधित, बाललैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पॉक्सो कायद्याखालचा खटला बंद करण्याचा अहवाल मे 2025 मध्ये स्वीकारला गेला. सिंह यांनी आरोप सतत नाकारले आहेत. न्यायालय आपला निकाल देईल. ऑलिंपिक पदक गळ्यात असलेल्या स्त्रीलाही तक्रार ऐकून घेण्यासाठी रस्त्यावर बसावे लागले, हे मात्र सगळ्यांनी पाहिले आहे.

आधीचे इशारे कमी नव्हते. महिला हॉकी संघातल्या प्रकरणानंतर 2010 मध्येच क्रीडा मंत्रालयाने महासंघांना लैंगिक छळाविरुद्ध मार्गदर्शक सूचना दिल्या होत्या. मे 2015 मध्ये केरळातल्या आलप्पुळा इथल्या प्राधिकरणाच्या जलक्रीडा केंद्रात चार मुलींनी विषारी फळ खाल्ले, एक दगावली, छळाचे आरोप झाले. सप्टेंबर 2022 मध्ये उत्तर प्रदेशात सहारनपूरला कबड्डीच्या मुलींचे जेवण स्वच्छतागृहात ठेवल्याचे दृश्य देशाने पाहिले आणि क्रीडा अधिकाऱ्याला निलंबित केले गेले.

कायदे आहेत. 2012 चा पॉक्सो कायदा मुलावरच्या अत्याचाराची माहिती असूनही ती न कळवणाऱ्यालाही शिक्षा सांगतो. 2013 चा कायदा कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाविरुद्ध तक्रार समिती बंधनकारक करतो. ऑगस्ट 2024 मध्ये मुरबाडहून बारवी धरणाच्या रस्त्याने गाठता येणाऱ्या बदलापूरच्या शाळेत घडलेल्या लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणानंतर मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि शाळांतल्या सुरक्षेसाठी निवृत्त न्यायमूर्ती साधना जाधव व शालिनी फणसळकर-जोशी यांच्यासारख्या जाणत्यांची समिती नेमली. शाळांतल्या सखी-सावित्री समित्यांची आठवण सगळ्यांना झाली. पण हे सारे शाळेच्या भिंतीभोवती फिरते. संध्याकाळच्या मैदानावरचा क्लब, खासगी अकादमी, स्पर्धेसाठी परगावी एका लॉजवर उतरलेला संघ, सोबत कोण महिला होती की नव्हती, इथवर त्या समितीचा हात पोहोचत नाही. मुलींच्या संघासोबत महिला व्यवस्थापक हवीच, ही मागणी जुनी आहे. प्रशिक्षकांची बाजूही ऐकायला हवी: चांगली माणसे संशयाच्या भीतीने मुलींना शिकवायला कचरतील, असे ते सांगतात. मला वाटते, स्वतंत्र आणि वेळेत होणारी चौकशी निर्दोष सरांचेही सगळ्यात चांगले संरक्षण करते.

शरीराच्या काळजीबद्दल आपल्याकडे सगळ्यात कमी बोलले जाते. लांब पल्ल्याच्या मुलींना सरावाच्या मानाने अन्न कमी पडले की पाळी लांबते, हाडे ठिसूळ होतात, बारीक फ्रॅक्चर होतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2014 मध्ये या स्थितीला वैद्यकीय नाव देऊन खेळाडूंच्या तपासणीत आणले. रक्तक्षय आधीच घरोघरी असलेल्या भागातून येणाऱ्या धावपटूसाठी हे पहिले प्रकरण असायला हवे. पाळी बंद झाली की ‘फिटनेस आला’ असे मानणारी समजूत अजून मैदानांवर आहे.

2016 च्या रिओ ऑलिंपिकमधल्या मॅरेथॉननंतर धावपटू ओ. पी. जैशाने सांगितले की ठरलेल्या टप्प्यांवर भारताकडून तिला पाणी किंवा पेय मिळाले नाही, आणि ती शर्यतीनंतर कोसळली. ॲथलेटिक्स महासंघाने ते नाकारले. त्याच शर्यतीत धावलेल्या कविता राऊतने आपल्याला पेयाबद्दल विचारले गेले होते, असे सांगितले. एकाच रस्त्यावरून धावलेल्या दोघींचे दोन अनुभव. कुणी काय मागितले, कुणी काय दिले, याची लेखी नोंद नसेल तर अशा वादाचा निवाडा दोन माणसांच्या शब्दांवरच होतो.

दिल्लीचा कायदा, तालुक्याचे मैदान

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला. महासंघांना मान्यता देणारे राष्ट्रीय क्रीडा मंडळ, वाद ऐकणारे राष्ट्रीय क्रीडा न्यायाधिकरण, कार्यकारिणीत किमान चार महिला, उत्तम कामगिरीच्या खेळाडूंना जागा, खेळाडू समिती, सुरक्षित खेळाचे धोरण, तक्रार निवारणाची व्यवस्था, असे त्याचे स्वरूप आहे. समर्थक म्हणतात की 2011 च्या क्रीडा संहितेला कायद्याचे दात नव्हते, ते आता आले. साशंक मंडळी दोन गोष्टी सांगतात. मंडळ नेमणार सरकार, म्हणजे महासंघांची मक्तेदारी जाऊन मंत्रालयाची येईल का? आणि आंतरराष्ट्रीय संघटना बाहेरचा हस्तक्षेप किंवा रखडलेल्या निवडणुका सहन करत नाहीत: 2012 ते 2014 भारतीय ऑलिंपिक संघटना निलंबित होती, ऑगस्ट 2022 मध्ये फुटबॉल महासंघ, ऑगस्ट 2023 मध्ये कुस्ती महासंघ. प्रत्येक निलंबनाची झळ खेळाडूंना बसते. माहिती अधिकार कुणाला लागू, यावरही वाद झाला; सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थांना तो लागू ठेवला गेला आणि क्रिकेट मंडळ बाहेर राहिले.

आमच्या भागासाठी कळीचा मुद्दा वेगळा आहे. राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात खेळ हा राज्यसूचीतला विषय आहे. तालुक्याची, जिल्ह्याची संघटना दिल्लीच्या कायद्याने जन्माला आलेली नसते. ती 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेली असते, आणि तिच्याविरुद्धची दाद बहुधा धर्मादाय आयुक्तांकडे जाते. एका खेळाच्या दोन संघटना असल्या, जसे कुस्तीत झाले, तर पालकाने कुणाचे प्रमाणपत्र खरे मानायचे हेही ठरत नाही. न्यायाधिकरण दिल्लीत बसेल. त्यावरचे अपील सर्वोच्च न्यायालयात. ज्या कुटुंबाला जिल्ह्याच्या स्पर्धेचे भाडे जड जाते, त्याच्यासाठी ही वाट कागदावरच राहील.

महाराष्ट्राची मैदानावरची ताकद निर्विवाद आहे. 2023 च्या गोव्यातल्या राष्ट्रीय स्पर्धेत 80 सुवर्णांसह 228 पदके मिळवून राज्य पहिले आले, 2025 ला उत्तराखंडात दुसरे. आदिवासी विकास विभागाच्या ‘मिशन शौर्य’मधून मे 2018 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांच्या पाच विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट सर केले, तेव्हा आश्रमशाळेतल्या मुलांत काय आहे हे साऱ्या राज्याला दिसले. इतके करू शकणाऱ्या राज्याला पुढची पायरी अवघड नसावी.

काय ठरलेले नाही

सहमती कुठे आहे ते आधी. मुलांच्या निवासी केंद्रात महिला कर्मचारी, प्रशिक्षकांची पार्श्वभूमी तपासणे, उत्तेजकांबद्दल मातृभाषेत शिक्षण, विमा, आणि शाळा न सुटू देणे, यावर कुणाचा विरोध नाही. अंमलबजावणीसाठी पैसा आणि माणसे हवीत, एवढेच.

खरा मतभेद तक्रार ऐकणाऱ्या माणसाबद्दल आहे. संघटना म्हणतात, आमच्या आतच समिती असावी, कारण खेळ आम्हाला कळतो. क्रीडा खाते म्हणते, पैसा आमचा, अधिकारी आमचा. खेळाडूंमधून येणारी मागणी आहे की दोघांच्याही बाहेरचे कुणीतरी हवे. ऑस्ट्रेलियाने 2020 मध्ये उत्तेजके, निकालनिश्चिती आणि खेळाडूंची सुरक्षा हे विषय एका स्वतंत्र संस्थेकडे, ‘स्पोर्ट इंटिग्रिटी ऑस्ट्रेलिया’कडे दिले, अमेरिकेत 2017 मध्ये ‘सेफस्पोर्ट’ केंद्र सुरू झाले आणि चौकशा लांबतात म्हणून त्याच्यावरही टीका झाली. स्वतंत्र म्हणजे आपोआप चांगले असे नाही, हे तिथून शिकता येते. मी स्वतः तिसऱ्या बाजूकडे झुकतो, आणि ती व्यवस्था जिल्हा पातळीवर असावी असे मानतो: बालकल्याण समिती आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आधीच आहेत, त्यांना खेळाच्या तक्रारी घेण्याचा स्पष्ट अधिकार दिला तर नवे कार्यालय उभारावे लागणार नाही.

त्यापलीकडचे प्रश्न अजून कुणी नीट हाताळलेले नाहीत. दुखापतीने सतराव्या वर्षी प्रबोधिनीतून बाहेर पडलेल्या मुलाची जबाबदारी किती वर्षे सरकारची? बंदी भोगून परत आलेल्याला सरकारी प्रशिक्षण पुन्हा मिळावे का? मुलाच्या भत्त्यावर घर चालत असेल तर बंदीच्या काळात त्या घराचे काय? निवड झालेल्यांची यादी छापली जाते. निवडून मग सोडून गेलेल्यांची, आणि ते का गेले याची, यादी राज्याने ठेवावी का? ही शेवटची नोंद ठेवायला नव्या कायद्याची गरज नाही. तालुका क्रीडा अधिकारी, आश्रमशाळेचे अधीक्षक आणि प्रबोधिनी या तिघांनी दर वर्षी तीच एक यादी भरली, तर पुढचा आढावा लिहिणाऱ्याच्या हाती शहापूर-मुरबाडच्या मुलांबद्दल अंदाजांऐवजी आकडे असतील.